बायपोलरमधलं नैराश्य: औषध लागू पडतंय हे कसं ठरवतात?

कोरेगाव तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचं उदाहरण घेऊ. दोन महिने झोप नाही, घेवड्याच्या पेरणीतही मन लागत नाही. डॉक्टर नैराश्य सांगतात. पण दोन वर्षांपूर्वी तो आठवडाभर रोज तीन तास झोपूनही ताजातवाना होता, अखंड बोलत होता, ऐपत नसताना ट्रॅक्टर बुक करून आला होता, हे कुणी सांगतच नाही. निदान चुकतं ते इथे.

निदान कसं होतं?
बायपोलर आजारात नैराश्य आणि उन्माद असे दोन टोकांचे काळ येतात. उन्मादाचा काळ रुग्णाला अनेकदा आजार वाटत नाही, म्हणून डॉक्टर घरच्यांनाही विचारतात. नुसती नैराश्याची गोळी दिली, तर काही रुग्णांमध्ये उन्माद उसळू शकतो.

मोजमाप कसं करतात?
नैराश्यासाठी 1979 मध्ये तयार झालेली माँटगोमेरी-आसबर्ग मापनश्रेणी वापरतात. तिच्यात झोप, भूक, एकाग्रता, आत्महत्येचे विचार असे 10 मुद्दे असतात. एकूण गुण 60. उन्मादासाठी यंग मापनश्रेणी (1978) आहे, तिच्यात 11 मुद्दे असतात.

सुधारणा कधी म्हणायची?
नैराश्याचे गुण निम्म्यावर आले, तर औषधाला प्रतिसाद मिळाला असं मानतात. उदाहरणार्थ, 32 वरून 16. पण 16 म्हणजे पूर्ण बरं होणं नव्हे. त्यासाठी गुण साधारण 10-12 च्या खाली यावे लागतात. त्याच वेळी उन्मादाचे गुण वाढता कामा नयेत. शिवाय माणूस कामाला लागला का, घरात बोलू लागला का, हेही पाहतात.

लिथियम घेताना काय जपायचं?
लिथियमचं रक्तातलं प्रमाण ठरावीक काळाने तपासावं लागतं. थायरॉईड आणि किडनीची तपासणीही लागते. उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलं किंवा मनानेच वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर हे प्रमाण धोकादायक वाढू शकतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या अचानक बंद करू नयेत. आजार उलटू शकतो.

मदत कुठे मिळेल?
साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटता येतं. 'टेली मानस' या सरकारी हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर 24 तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही. आत्महत्येचे विचार येत असतील, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. जाताना झोपेची, मनःस्थितीची रोजची नोंद आणि घरातलं एक माणूस सोबत न्या.