खामगावची कापूस बाजारपेठ

बुलढाणा जिल्ह्यातील, किंबहुना एकोणिसाव्या शतकातील साऱ्या वऱ्हाडातील, एक अग्रगण्य व्यापारपेठ. येथील व्यापाराचा आरंभ सु. १८२० मध्ये झाला, असे मानतात. तूप, सूत व थोडा कापूस घेणारी काही दुकाने एवढेच तिचे मूळ स्वरूप होते. त्या काळी वऱ्हाडचा कापूस वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेत पावसाने व धुळीने मालाची बरीच नासाडी होत असे.

वऱ्हाड प्रांत निजामाकडून १८५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि पूर्णा खोऱ्यातील काळ्या जमिनीला एकाएकी महत्त्व आले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या मार्गाने १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगाव मात्र या मार्गापासून सु. १३ किमी. बाजूला राहिले. तेव्हा जलंबहून बाजारापर्यंत स्वतंत्र फाटा घालण्यात आला व १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो याच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. एका कापूस बाजारासाठी लोहमार्ग घालावा व त्याच्या उद्‌घाटनास खुद्द गव्हर्नर जनरलने यावे, यावरून या पेठेचे तत्कालीन स्थान कळून येते. तारयंत्रामुळे लिव्हरपूलचे भाव येथे कळू लागले. व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या परदेशी पेढ्यांनी येथे खरेदी सुरू केली, तर सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे वाफेवर चालणारे कारखाने निघाले. नगरपालिका १८६७ मध्येच स्थापन झाली होती. शहराला पाणी पुरविणारा जनुना तलाव पुढे त्याच शतकात बांधला गेला. प्रशासनदृष्ट्या खामगाव तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत तो बुलढाणा जिल्ह्यात आला.

पेठ वाढली, शहर वाढले. पण कापूस पिकविणाऱ्याच्या पदरात किती पडले, हा प्रश्न वेगळा आहे. सारा रोखीने भरावा लागे. बी-बियाणे व घरखर्च यांसाठी सावकाराचे देणे असेच. त्यामुळे वेचणी होताच, म्हणजे भाव पडलेले असतानाच, शेतकऱ्याला माल विकावा लागे. लिव्हरपूलचा भाव अडत्याला ठाऊक असे, गाडीवानाला नसे. दलाली, मापाई, धर्मादाय, कडता अशा नाना सबबींखाली किंमत कापली जाई. ज्वारीच्या जमिनीतही कापूस आल्याने धान्याचा साठा घटला होता. १८९९–१९०० च्या दुष्काळात या संपन्न समजल्या जाणाऱ्या प्रदेशाची जी अन्नान्न दशा झाली, तिच्या मुळाशी हेही एक कारण होते.

बाजारावर कायद्याचे नियंत्रण आणण्याचा हिंदुस्थानातील पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला. १८८६ मध्ये कारंजा (आता वाशिम जिल्हा) येथील बाजार नियंत्रित करण्यात आला व १८९७ मध्ये सर्व वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजार कायदा लागू झाला. अधिकृत वजनमापे, परवानाधारक दलाल व ठरलेले आकार ही त्याची जमेची बाजू. तथापि बाजार समितीत नगरपालिका व व्यापारी यांचेच प्रतिनिधी असत. कापूस पिकविणाऱ्याला तीत जागा नव्हती. शिवाय बाजाराचे शिलकी उत्पन्न नगरपालिकेकडे जाई. म्हणजे शेतकऱ्याच्या गाडीवरील आकारातून शहराच्या सोयी होत, खेड्याचा रस्ता मात्र चिखलाचाच राही. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात या उणिवांवर बोट ठेवले. शेतकऱ्यांच्या प्रतिनिधित्वाला भक्कम आधार मिळाला तो महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने.

राज्य शासनाने १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू करून खाजगी व्यापाऱ्यांना कापूस खरेदीस बंदी केली. हमी भाव मिळाला, हे खरे. परंतु खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत, चुकारे लांबत व तोटा साठत गेला. २००२ नंतर खाजगी खरेदीस पुन्हा वाव देण्यात आला.

दरम्यान जिल्ह्याचा आर्थिक तोलही बदलला. घाटाखालच्या तालुक्यांना लोहमार्ग मिळाला, तर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा हा घाटावरचा भाग त्यावाचूनच राहिला. खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी शतकाहून जुनी असून तो अद्याप झालेला नाही. घाटावर सोयाबीनने कापसाची जागा मोठ्या प्रमाणात घेतली. पण सुगीत माल विकण्याची निकड पिकाबरोबर गेली नाही. ती टळावी म्हणून राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना राबविली. तीनुसार सोयाबीन, तूर इ. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. बुलढाणा येथे १९८६ मध्ये ७२ सभासद व १२,००० रु. भांडवल यांवर सुरू झालेल्या बुलढाणा अर्बन सहकारी पतसंस्थेनेही गोदामे बांधून हाच व्यवहार वाढविला व ती देशातील मोठ्या पतसंस्थांपैकी एक झाली. अशा कर्जाचा लाभ अर्थातच गोदामापर्यंत माल नेऊ शकणाऱ्यालाच होतो. ज्याचे पीक आधीच उधारीपोटी कृषी सेवा केंद्राच्या किंवा अडत्याच्या नावे लागलेले असते, त्याची गाडी आजही सरळ अडतीवरच जाते.