आले, सुंठ आणि जंजबील

मार्गशीर्ष पौर्णिमेला माहूरच्या दत्तशिखरावर दत्तजन्माचा उत्सव होतो. मी लहान असताना, म्हणजे १९७५ ते ८०च्या सुमारास, उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी अम्मीच्या हातात देत. तिच्यात सुंठवडा असे. सुंठेची पूड, किसून भाजलेले खोबरे, खसखस, खारीक आणि पिठीसाखर. अम्मी आम्हा भावंडांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवी आणि उरलेला सुंठवडा पत्र्याच्या डब्यात जपून ठेवी. तो डबा आम्हाला हात लावायला बंदी होती. घरात किंवा गल्लीत कुणी बाळंत झाले, की तो निघे.

एकदा मी काकूंना विचारले, ‘‘काकू, देवाच्या जन्माला सुंठ कशाला हो?’’

‘‘अरे, अनसूयामातेच्या घरात बाळ आलं ना? मग बाळंतिणीचं करायला नको का?’’

‘‘पण तुम्हीच तर सांगितलं, की तिनं तीन देवांची बाळं केली म्हणून.’’

काकू हसल्या. ‘‘बाळ कसं का येईना, बाळंतिणीचं करावंच लागतं, पोरा.’’

मंडळी, आल्यावर आजवर बरेच वाचले, पण त्या उत्तरापुढे मला जाता आलेले नाही. रामनवमीला, हनुमान जयंतीला, गोकुळाष्टमीला, जिथे जिथे देव जन्मतो तिथे तिथे सुंठवडा वाटतात, आणि तो मुळात बाळंतिणीचा खाऊ आहे. आमच्या घरी त्याच कामासाठी अछवानी करत. ओवा, सुंठ, गूळ आणि तूप यांचा तो दाट, गरम काढा. ऐपत असली तर वर बदाम. माझ्या थोरल्या आपाच्या बाळंतपणात एका हातात अछवानीचा कटोरा आणि दुसऱ्या हातात काकूंचा सुंठवडा, असे दोन्ही मी पाहिले आहे. सुंठ दोन्हींत तीच, एकाच किराणा दुकानातली.

आता शब्दाकडे वळतो. कविता करणाऱ्याला वस्तूपेक्षा शब्दाची ओढ जास्त, ही सवय माफ करावी. ‘आले’ हा शब्द संस्कृत ‘आर्द्रक’पासून आला. आर्द्र म्हणजे ओले. त्याच ‘आर्द्रक’चे उत्तरेत ‘अदरक’ झाले. सुंठ म्हणजे ‘शुंठी’, आणि तिचा धातू वाळण्याचा. म्हणजे एकाच मुळाला आपण ओले आणि वाळलेले अशी दोन नावे दिली. आदिलाबादकडचा तेलुगू माणूस ‘अल्लम’ आणि ‘शोंठि’ म्हणतो. मराठवाड्यातल्या भाजीबाजारात मात्र ‘आले’ फार ऐकू येत नाही. आमच्याकडे ‘अद्रक’. पावशेर अद्रक, अद्रकचा चहा. १९४८पर्यंतच्या निजामी राजवटीत उर्दू कचेरीत होती तशी बाजारातही होती. राजवट गेली, अद्रक राहिले.

तिसरा शब्द मला मकतबात भेटला. कुराणाच्या शहात्तराव्या सूरेत जन्नतच्या पेयांचे वर्णन आहे. एका पेल्यात कापूर मिसळलेला, दुसऱ्यात जंजबील. मौलवीसाहेबांना मी जंजबीलचा अर्थ विचारला. ते म्हणाले, ‘‘सोंठ.’’ मी चकित झालो. जन्नतमध्ये काही अपूर्व मिळेल अशी माझी कल्पना, आणि तिथे अम्मीच्या डब्यातली वस्तू! पुढे कळले, की सहाव्या-सातव्या शतकातल्या वाळवंटी अरबस्तानाला सुंठ ही समुद्रापलीकडून येणारी मोलाची चीज होती. जे दुरून येते तेच स्वर्गात शोभते.

शिवाय हा शब्द मूळचा अरबी नाहीच. दक्षिणेत आल्याला ‘इंजि’ म्हणतात आणि मुळाला ‘वेर’. भाषेचे अभ्यासक सांगतात, की या दोहोंवरून पालीत ‘सिंगिवेर’ आणि संस्कृतात ‘शृंगवेर’ झाले. संस्कृत पंडितांनी त्यात शिंग पाहिले, कारण आल्याचे कुडे शिंगासारखे दिसते. तिथून तो शब्द ग्रीकांकडे ‘झिंगिबेरिस’ म्हणून, इराणातून अरबांकडे ‘जंजबील’ म्हणून आणि लॅटिनमार्गे इंग्रजांकडे ‘जिंजर’ म्हणून गेला. दक्षिण हिंदुस्थानातला शब्द अरबस्तान फिरून माहूरच्या मकतबात परत आला, आणि मी त्याला परका समजून अर्थ विचारत होतो.

वस्तूचा प्रवास याहून मजेदार. आल्याला बी धरत नाही. डोळा असलेला कंदाचा तुकडा मातीत लावला तरच नवे झाड येते. रानात आपोआप वाढलेले आले कुठे सापडत नाही. म्हणजे जिथे जिथे आले आहे, तिथे ते कुणीतरी हाताने नेऊन लावलेले आहे. वाऱ्याने नाही, पाखराने नाही. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने आल्याचा भाव दिला आहे, शेराला नव्हे, त्यांच्या पौंडाला सहा दिनार. काळी मिरी तेव्हा चार दिनारला होती. आले अरबस्तानात पिकते असे त्याने लिहून ठेवले. विकणारे अरब, तेव्हा पिकवणारेही तेच असणार, असा हिशेब! व्यापाऱ्यांनी तो गैरसमज दूर करण्याची घाई केली नसावी.

१३४२ साली दिल्लीहून निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता वाटेत आपल्या दौलताबादेत थांबला होता. इथले लोक हिरवे आले आणि मिरी खारवून जेवणाबरोबर खातात, असे त्याने नोंदवले आहे. पुढे कालिकतला त्याने चिनी गलबते पाहिली. त्यांवर खलाशी लाकडी हौदांत भाजीपाला आणि आले लावत. भर समुद्रात आल्याची बाग! चवीसाठी तर ती होतीच, पण मला वाटते, गलबत लागणाऱ्या माणसाचाही त्यात विचार असावा. कारण मळमळ आणि उलटी यांवर आल्याचा उपयोग होतो, हे आजच्या चाचण्यांतही बऱ्यापैकी दिसले आहे. गर्भारपणातल्या उलट्यांवरही होतो.

आयुर्वेदाने सुंठेला ‘विश्वभेषज’ म्हटले, जगाचे औषध. मिरे आणि पिंपळी यांच्या जोडीला ती त्रिकटूत बसते. जेवणाआधी आल्याचा तुकडा मिठाबरोबर खावा, असे भावप्रकाशात सांगितले आहे. हकिमांकडे जवारिश-ए-जंजबील असते, तीही पोटासाठीच. वैद्य आणि हकीम यांचे इथे फारसे भांडण नाही. दोघेही म्हणतात, उष्ण आहे, भूक लावते, वात काढते. रसायनशास्त्रज्ञ सांगतात, की ओल्या आल्यातले जिंजेरॉल वाळताना काही अंशी शोगाओल होते आणि ते जास्त तिखट असते. जपानी भाषेत आल्याला ‘शोगा’ म्हणतात, त्यावरून हे नाव. सुंठ आल्यापेक्षा जहाल का, याचे उत्तर यात मिळते.

पण ‘विश्वभेषज’ या शब्दाला मी जपून असतो. त्याला कारण आहे.

१९८१च्या हिवाळ्यात अब्बांना खोकला लागला. अम्मीने सुंठ आणि मध सुरू केले. घसा हलका व्हायचा, अब्बा दुकानात जाऊन बसायचे, आम्हाला वाटायचे उतार पडला. चार-पाच महिने असेच गेले. दरम्यान अब्बा वाळत चालले होते, ते रोज पाहणाऱ्या आमच्या डोळ्यांना दिसले नाही. एका पहाटे थुंकीत रक्त आले, तेव्हा नांदेडला नेले. क्षय निघाला. दीड वर्ष गोळ्या, सुरुवातीला रोज स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन. अब्बा वाचले, पण जिना चढताना दम लागायचा तो शेवटपर्यंत. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण वर्गात आली, की मी मान खाली घालत असे. आमच्याकडे सुंठेने खोकला दडवला होता.

मी रागाने अम्मीला म्हणालो, तो डबा फेकून दे. ती म्हणाली, ‘‘सोंठ का क्या कसूर? हमनेच उससे जास्ती काम लिया.’’

२०२०मध्ये करोनाची साथ आली, घरोघरी काढ्याची पातेली चढली. सरकारच्या आयुष मंत्रालयानेही तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला होता. घशाला शेक मिळाला, मनाला आधार मिळाला. पण काढा घेतला म्हणून बिनधास्त फिरणारे आणि दिवसातून सहा वेळा काढा पिऊन पोटात आग घेऊन बसणारे, दोन्ही प्रकारचे लोक मी आमच्याच गल्लीत पाहिले. तेव्हा अम्मीचे वाक्य आठवले. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भरपूर सुंठ घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. बाकी चहात, आमटीत, आलेपाकात, पोहताना थंडी भरलेल्या पोराच्या छातीवर चोळायला आले जरूर असू द्यावे.

आमच्या लहानपणी माहूरच्या बाजारात अद्रक बाहेरूनच येई. आज मराठवाड्यात खुलताबाद, कन्नड, फुलंब्रीकडे त्याची मोठी शेती आहे. तिकडचा शेतकरी भावाच्या चढउताराने आणि कंदकुजीने हैराण असतो. पाऊस जास्त झाला, पाणी साचले, की जमिनीखाली सगळे पीक सडते आणि वर पाने पिवळी पडेपर्यंत पत्ता लागत नाही. हे ऐकले, की मला अब्बांचा तो हिवाळा आठवतो.

अक्षय्य तृतीयेला आल्याची लागण करतात. गेल्या वर्षी त्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरातल्या टोपलीत एका कुड्याला कोंब फुटला होता. बायकोने तो जुन्या बादलीत लावला. मार्गशीर्षात बादली उपडी केली, तर पाव किलोच्या आसपास आले निघाले. थोडे वाळवून तिने सुंठ केली. काकू आता नाहीत. त्यांच्या सुनेचे बाळंतपण जवळ आले होते, तिला त्यातली अर्धी दिली. एक डोळ्याचा तुकडा टोपलीत ठेवला आहे.