गाणं तिचं, शब्द कुणाचे?

२०२० च्या ऑगस्टमधली गोष्ट. लॉकडाऊनमुळे भाची आमच्याकडेच अडकली होती. एका दुपारी तिच्या खोलीतून कार्डी बी आणि मेगन दी स्टॅलियनचं 'वॅप' ऐकू आलं आणि मी दारात उभी राहून थेट माझ्या आईच्या सुरात म्हणाले, "अगं, काय हे शब्द!"

"मावशी, तू कॉलेजात सॉल्ट-एन-पेपा ऐकायचीस ना?"

आता काय बोलणार? ऐकायचेच. 'लेट्स टॉक अबाउट सेक्स' (१९९१) कॅसेटवर होतं आणि आई जवळपास आली की मी आवाज कमी करायचे. (आई, आता कळलं!)

मग बसले जुनं उकरायला. बायकांनी शरीरसुखाबद्दल उघड गाणं काही हिप-हॉपपासून सुरू झालं नाही. १९२० च्या दशकात मा रेनी, बेसी स्मिथ या ब्लूज गायिका ते करतच होत्या. रॅपची पहिली मोठी ठिणगी मात्र भांडणातून पडली. यूटीएफओ या मुलांच्या गटाने 'रोक्सान, रोक्सान' गाणं काढलं. त्यात भाव न देणाऱ्या एका मुलीबद्दल कुरकुर. ती स्वतः मात्र गाण्यात गप्प. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीतल्या चौदा वर्षांच्या रोक्सान शांतेने त्या गप्प मुलीच्या वतीने उत्तर ठोकलं, आणि त्यात त्या मुलांची यथेच्छ खिल्ली उडवली. चौदा वर्षांची! मी त्या वयात शेजारच्या काकूंनाही उलट उत्तर देऊ शकत नव्हते.

सॉल्ट आणि पेपा, म्हणजे चेरिल जेम्स आणि सँड्रा डेंटन, थोड्या मागून आल्या. त्यांचं वेगळेपण हे की लैंगिक विषय त्या हसत-खेळत, लाज न बाळगता मांडत. 'लेट्स टॉक...'चे शब्द बदलून त्यांनी एड्सवरही गाणं केलं. ज्या काळात त्या आजाराचं नाव कुजबुजत घेतलं जाई, त्या काळात.

पण उकरताना एक खडा लागला. 'लेट्स टॉक अबाउट सेक्स' लिहिलंय हर्बी अझोर यांनी. पुरुष! त्यांचा निर्माता. बाईने कुणाबरोबर काय करावं हा तिचा प्रश्न, असं ठणकावणारं 'नन ऑफ युअर बिझनेस'सुद्धा अझोर यांचंच. त्याला १९९५ मध्ये ग्रॅमी मिळालं. (त्या वर्षी रॅपची दोन्ही पारितोषिकं बायकांनाच गेली. दुसरं क्वीन लतीफाला, बायकांना शिव्या घालणाऱ्यांना खडसावणाऱ्या 'युनिटी'साठी.)

दोन दिवस मला फसवल्यासारखं वाटलं, खरंच. मग कळलं की सॉल्टलाही हे खुपत होतं. 'एक्स्प्रेशन' तिने स्वतः लिहिलं, निर्मितीही स्वतः केली. 'शूप'च्या (१९९३) लेखनात दोघींचा हात आहे, आणि त्यात बायका पुरुषांकडे टक लावून बघतात, चवीने वर्णन करतात. आता दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली की मला फरक जाणवतो. अझोर यांच्या गाण्यात बाई आपली बाजू मांडते, तर 'शूप'मध्ये ती कुणाला काही पटवून द्यायला जातच नाही. हा माझा कान असेल, तुमचा वेगळा असू शकतो.

लिल किमच्या 'हार्ड कोर' (१९९६) अल्बमवरही हाच वाद झाला : शब्द तिचे की नोटोरियस बी.आय.जी.चे? पुरुष रॅपरला 'तुला कोण लिहून देतं?' हा प्रश्न इतक्या लगेच विचारला जात नाही, हेही खरं.

हे सगळं भाचीला सांगितलं. म्हटलं, तुझ्या 'वॅप'च्या लेखकांतही पुरुष आहेत. तिने फोनवर शोधून मलाच ऐकवलं, की त्यात मागे सतत वाजणारी ओळ फ्रँक स्की या पुरुषाच्या जुन्या क्लब-गाण्यातून उचललेली आहे. बायकांना हिणवणारी ओळ. "आणि आता ती कुणाच्या गाण्यात वाजतेय, मावशी?"

मी म्हटलं, आवाज वाढव जरा.