भिंतीवरच्या सावलीचे घड्याळ



माझी आजी ओसरीच्या पायऱ्यांवरून वेळ सांगत असे. ऊन दुसऱ्या पायरीवर आले, की शेतावर भाकरी पाठवायची वेळ झाली. दिवाळीत आणि चैत्रात ही पायरी एकच नसते, हेही तिला ठाऊक होते. विचारले तर म्हणायची, "थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो रे बाबा, मग सावली लांबणारच." घरात किल्लीचे घड्याळ होते, नाही असे नाही. पण ते बंद पडले की आजोबा पुन्हा लावायचे कशावरून? तर त्या पायरीवरूनच! रेडिओ घरात येईपर्यंत हे असेच चालले होते, असे ती सांगे.

ही आठवण सांगण्याचे कारण असे, की फ्रान्सच्या गावोगावी नेमके हेच चारशे वर्षे चालले होते. फक्त तिथे पायरीच्या जागी भिंत होती. त्या देशात हिंडताना चर्चच्या, शाळेच्या, नगरभवनाच्या किंवा एखाद्या साध्या शेतकऱ्याच्या घराच्या भिंतीवर रंगवलेली चौकट दिसते. चौकटीत पंख्यासारख्या पसरलेल्या रेषा, रेषांच्या टोकांना रोमन आकडे, आणि वर भिंतीतून तिरपी बाहेर आलेली एक लोखंडी सळई. सळईची सावली ज्या रेषेवर पडेल तो तास. यालाच आपण सूर्यघड्याळ म्हणतो. फ्रान्समध्ये अशी सूर्यघड्याळे आजही हजारो आहेत.

आता कोणी म्हणेल, यात नवल ते काय? आपल्याकडेही शंकू रोवून सावली मोजण्याचे शास्त्र फार जुने आहे. खरे आहे. पण भिंतीवरचे घड्याळ आपल्या गावात का रुजले नसते, हे शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर विचारावे. पुणे किंवा मुंबई घ्या. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथला मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो. त्या वेळी दक्षिणेकडच्या भिंतीवर ऊनच पडत नाही! फ्रान्स पडला आपल्यापेक्षा पुष्कळ उत्तरेला. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, तो बाराही महिने दक्षिणेच्या बाजूनेच जातो. म्हणून दक्षिणेची भिंत हीच तिथली पाटी.

या पाटीवर पहिली अक्षरे उमटली ती चर्चमध्ये. मध्ययुगात देवळाच्या दक्षिण दाराजवळच्या दगडावर अर्धवर्तुळ कोरत, त्याचे काही भाग पाडत आणि मधोमध एक खुंटी सरळ ठोकत. प्रार्थनेची वेळ कळली म्हणजे झाले. पण सरळ ठोकलेल्या खुंटीत एक खोड असते. एकाच तासाला तिची सावली उन्हाळ्यात एका दिशेला पडते, हिवाळ्यात दुसऱ्या. आणि तेव्हाचे तासही सारखे नव्हते. दिवस मोठा तर तास मोठा, दिवस लहान तर तास लहान, असा हिशेब होता.

मग चौदाव्या शतकात मनोऱ्यांवर यांत्रिक घड्याळे आली. पॅरिसच्या राजवाड्यावर १३७० साली मोठे घड्याळ बसले. यंत्राला उन्हाळा-हिवाळा कळत नाही, त्याचे सगळे तास सारखेच. म्हणजे आता सावलीलाही सारखे तास दाखवणे भाग पडले. यावरची युक्ती अशी, की सळई सरळ न ठोकता तिरपी बसवायची, इतकी तिरपी की ती पृथ्वीच्या आसाला समांतर झाली पाहिजे. मग ऋतू कोणताही असो, दहाची सावली दहाच्याच रेषेवर पडते. ही विद्या मुसलमान ज्योतिर्विदांना आधीच अवगत होती. दमास्कसच्या मोठ्या मशिदीसाठी इब्न अल्-शातिर याने १३७१ साली अशा सळईचे सूर्यघड्याळ केले होते. युरोपात ती पंधराव्या शतकात पसरली. शार्त्रच्या प्रसिद्ध चर्चच्या कोपऱ्यावर एक दगडी देवदूत हातात सूर्यघड्याळ धरून उभा आहे. मूर्ती बाराव्या शतकातली, पण हातातल्या तबकडीवर साल आहे १५२८. जुन्या देवदूताच्या हाती नवे शास्त्र दिले, असेच म्हणायचे.

पुष्कळांची समजूत अशी, की यांत्रिक घड्याळ आले आणि सूर्यघड्याळ मोडीत निघाले. घडले नेमके उलटे. जुनी मनोऱ्यांवरची घड्याळे दिवसाला पाव-पाव तास मागेपुढे होत. लंबकाचे घड्याळ हायगेन्सने १६५६ साली शोधले, तोवर हीच रड होती. आणि नंतरही ते कशावरून तरी लावावे लागेच. म्हणून जिथे मनोऱ्यावर घड्याळ तिथे खाली भिंतीवर सूर्यघड्याळ. चर्चच्या सेवकाने दुपारी सावली बाराच्या रेषेवर आली की वर चढून काटे जुळवायचे. घंटा वाजे ती यंत्राची, हुकूम चाले तो सावलीचा. मला तरी या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दों बेदो नावाच्या एका बेनेदिक्तीन साधूने १७६० साली सूर्यघड्याळे कशी आखावीत यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. ज्या काळात घड्याळजींचा धंदा भरभराटीला होता, त्याच काळात असा ग्रंथ निघतो, याचा अर्थ सावलीला गिऱ्हाईक भरपूर होते! पॅरिसच्या पॅले-रॉयालच्या बागेत १७८६ पासून एक लहानशी तोफ होती. भिंगातून आलेल्या किरणाने बरोबर मध्यान्हीला तिच्या दारूला बत्ती लागे आणि बार उडे. लोक बार ऐकून खिशातली घड्याळे जुळवून घेत.

पण या घड्याळांचे खरे वैभव पाहायचे तर आल्प्स पर्वतात, इटलीच्या सीमेला लागून असलेल्या केरास आणि ब्रियाँसाँच्या खोऱ्यांत जावे. सँ-व्हेराँ हे गाव दोन हजार मीटरहून उंच आहे. हवा कोरडी, ऊन लख्ख, घरांची तोंडे उन्हासाठी दक्षिणेकडे. या भागात १८३०च्या सुमारापासून पुढे चाळीस-एक वर्षे झार्बुला नावाचा एक फिरता कारागीर घाट ओलांडून इटलीतल्या पीएमाँतहून येई. चुन्याचा गिलावा ओला असतानाच तो त्यावर मातीचे रंग भरी. रंग गिलाव्यात मुरतो, म्हणून दीडशे वर्षे बर्फवाऱ्याला तोंड देऊन तो टिकला. संगमरवराचा भास आणणाऱ्या चौकटी, फुलांच्या कुंड्या, आणि त्या डोंगरात कोणी कधी पाहिले नसतील असे लांब शेपटांचे रंगीत पक्षी, ही त्याची खूण. कोपऱ्यात आपल्या नावाची आद्याक्षरे टाकायलाही तो विसरत नसे.

गंमत अशी, की चित्र कितीही नटवले तरी आखणीत लबाडी चालत नाही. भिंत क्वचितच बरोबर दक्षिणेला असते. कुठे ती पूर्वेला थोडी वळलेली, कुठे पश्चिमेला. जितकी वळलेली तितक्या रेषा एका बाजूला दाटतात, दुसऱ्या बाजूला फाकतात. म्हणजे प्रत्येक भिंतीचे गणित निराळे. शेजारच्या घरचे घड्याळ आपल्या भिंतीवर उतरवून चालायचे नाही. सळईचा कल मात्र त्या गावच्या अक्षांशावर. सँ-व्हेराँ जवळजवळ पंचेचाळीस अंशांवर आहे, तेव्हा काटकोनाचा निम्मा. आणखी एक अडचण सांगतो. जूनमध्ये तिथे दिवस पंधरा तासांहून मोठा, पण दक्षिणेच्या भिंतीवर ऊन येते ते सूर्याच्या वेळेने पावणेआठच्या सुमारास, आणि सव्वाचारला निघूनही जाते. म्हणून काही ठिकाणी पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींवरही एकेक घड्याळ काढलेले असते.

हे डोंगरी शेतकरी अडाणी होते असे मात्र समजू नका. बर्फाच्या महिन्यांत शेती बंद पडली, की याच खोऱ्यांतले तरुण शाळामास्तर होऊन खाली मैदानात जात आणि जत्रेत उभे राहून काम शोधत. टोपीत एक पीस खोवलेले असेल तर हा नुसते वाचन शिकवणार. दोन पिसे म्हणजे हिशेबही. तीन असतील तर लॅटिनसुद्धा! भिंतीवर लॅटिन वचन रंगवून घेणारा गाव असा होता. ही वचने बहुधा मरणाची आठवण करून देणारी असत. सगळे तास घाव घालतात, शेवटचा प्राण घेतो, अशा अर्थाचे एक वचन फार लोकप्रिय होते. दुसरे जरा हसऱ्या चेहऱ्याचे: ऊन नसेल तर मी गप्प बसतो.

मग हा सावलीचा हुकूम संपला कसा? सूर्य काही रोज ठरल्या क्षणी मध्यान्हीला येत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो सम चालणाऱ्या घड्याळाच्या सोळा मिनिटे पुढे असतो, फेब्रुवारीत चौदा मिनिटे मागे. घड्याळे सुधारली तशी ही तफावत डोळ्यांत येऊ लागली. १८१६ साली पॅरिसने ठरवले, की यापुढे शहराची घड्याळे सूर्याच्या नव्हे तर सरासरी वेळेने चालतील. आरागो या ज्योतिर्विदाने लिहून ठेवले आहे, की पॅरिसचे अधिकारी शाब्रोल यांना धास्ती होती, बारा वाजले आणि सूर्य मध्यान्हीला नाही म्हटल्यावर कामकरी लोक दंगा करतील. प्रत्यक्षात कोणाच्या लक्षातही आले नाही. लक्षात येणार कसे? तोवर पॅरिसची सार्वजनिक घड्याळे एकच तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फरकाने वाजवत, असेही आरागोच सांगतो.

खेड्यांना खरा धक्का दिला तो आगगाडीने. प्रत्येक गावाची मध्यान्ह वेगळी असेल तर वेळापत्रक छापायचे कसे? तेव्हा स्टेशनावर पॅरिसची वेळ, चर्चवर गावाची वेळ आणि भिंतीवर सूर्याची, अशा तीन वेळा एका गावात नांदू लागल्या. त्यातही प्रवाशांची गाडी चुकू नये म्हणून स्टेशनच्या आतले घड्याळ बाहेरच्यापेक्षा पाच मिनिटे मागे ठेवीत! शेवटी १८९१च्या कायद्याने सगळ्या फ्रान्सला पॅरिसची वेळ लागू झाली. १९११ साली ती ग्रिनिचशी जुळवली, पण इंग्रजांचे नाव कायद्यात नको, म्हणून 'पॅरिसच्या वेळेच्या ९ मिनिटे २१ सेकंद मागे' असे शब्द घातले.

आपल्याकडे १९०६ साली प्रमाण वेळ आली, तेव्हा मुंबईलाही तिची ३९ मिनिटे पुढे असलेली वेळ पचली नव्हती. 'मुंबई टाइम' त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक रेंगाळला. तेव्हा फ्रान्सच्या गावकऱ्यांना काय वाटले असेल, हे आपल्याला सांगायला नको. कालपर्यंत त्यांची मध्यान्ह त्यांच्या भिंतीवर ठरत होती, आता ती दूरच्या शहरातून येऊ लागली. आणि १९१० साली आयफेल मनोऱ्यावरून बिनतारी यंत्राने वेळेचे संकेत सुटू लागले, तेव्हा घड्याळ लावण्यासाठी भिंतीकडे जाण्याची गरज उरली नाही. आकाशवाणीवरून हे बोलताना मला जरा संकोच वाटतो, पण सूर्यघड्याळाची नोकरी घालवली ती आमच्याच जातभाईने!

१९४० साली जर्मनांनी आपल्या ताब्यातल्या भागावर बर्लिनची वेळ लादली. लढाई संपली तरी फ्रान्स त्याच वेळेवर राहिला, आणि १९७६ पासून उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे करतात. परिणाम असा, की उन्हाळ्यात पूर्वेच्या स्ट्रासबूरला सूर्य मध्यान्हीला येतो दीडच्या सुमारास आणि पश्चिमेच्या ब्रेस्तला सव्वादोन वाजून गेल्यावर.

तरीही गावांनी या भिंती पुसल्या नाहीत. फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेची एक समिती त्यांच्या नोंदी ठेवते, जाणते रंगारी फिके पडलेले रंग उजळून देतात. जुलैत सँ-व्हेराँला सावली बाराच्या रेषेवर येते, तेव्हा पाहुण्याच्या मनगटावर दीड वाजून गेलेला असतो. घड्याळ बिघडले आहे असे त्याला वाटू नये, म्हणून पुष्कळ ठिकाणी बाजूला एक लहानसा तक्ता लावतात. कोणत्या महिन्यात सावलीच्या वेळेत किती मिनिटे मिळवायची, ते त्यावर लिहिलेले असते.