चुलीपुढची धाप

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे एवढेच आमच्या पाठ्यपुस्तकांना सुचते. हा विषय वर्षानुवर्षे शिकवताना मला वाटत आले आहे की, ज्या खोलीत बाईचे अर्धे आयुष्य जाते त्या स्वयंपाकघरालाही इतिहास असतो. ‘घरोघरी मातीच्या चुली’ असे आपण सहज म्हणतो; पण त्या चुलीपुढे बसणारीच्या छातीचे काय झाले, हे विचारत नाही.

तो प्रश्न विचारला डॉ. एस. पद्मावती यांनी. १९१७ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या पद्मावती १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे भारतात आल्या. पुढे इंग्लंड-अमेरिकेत हृदयविकाराचे शिक्षण घेऊन १९५३ साली त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. १९५९ मध्ये डॉ. पाठक यांच्यासमवेत त्यांनी दिल्लीतील १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजाराचे नाव ‘कोर पल्मोनाले’. फुप्फुसे दीर्घकाळ बिघडली की त्यांत रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो. ती फुगते आणि अखेर थकते.

पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा मानला जाई. दिल्लीत मात्र तो स्त्रियांमध्येही जवळजवळ तितकाच आढळला. विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया तर थोड्याच होत्या. शिवाय पुरुषांपेक्षा दहा-पंधरा वर्षे आधीच आजार त्यांना गाठत होता. १९७६ साली डॉ. अरोरा यांच्यासह लिहिलेल्या निबंधाचा विषयच हा स्त्री-पुरुष भेद होता. संशयाचे बोट लाकूड आणि शेणी यांच्या धुराकडे वळले. मुलगी लहानपणीच फुंकणी हातात घेते आणि म्हातारपणापर्यंत खाली ठेवत नाही, याचा तो हिशेब होता. १९८४ मध्ये नेपाळच्या डोंगराळ खेड्यांतही डॉ. मृगेंद्रराज पांडे यांना घरातला धूर आणि जुनाट खोकला यांचा असाच संबंध दिसला. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, या जातीच्या जुनाट श्वसनविकाराच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्क्यांनी कधीच धूम्रपान केलेले नसते.

तरीही बाईचा आजार ओळखू येतोच असे नाही. अमेरिका व कॅनडातील १९२ डॉक्टरांपुढे एकाच रुग्णाची हकीकत ठेवण्यात आली. काहींना तो पुरुष सांगितला, काहींना स्त्री. २००१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, पुरुष म्हटल्यावर या विकाराचे निदान अधिक वेळा झाले. फुंकर मोजणाऱ्या स्पायरोमेट्री चाचणीचा निकाल हाती दिल्यावर हा फरक ओसरला. यंत्राला बाई-पुरुष कळत नाही, हे त्याचे मोठेपणच म्हणायचे.

आमच्या सीमाभागात मी जे पाहतो ते याहून निराळे नाही. धाप लागलेल्या पुरुषाला ‘दमेकरी’ म्हणून अंथरूण मिळते, ओट्यावरचे ऊन मिळते, गरम पाणी मिळते. बाईचा खोकला मात्र ‘तिचा तसाच आहे’ या तीन शब्दांत मिटतो. ज्या धुराने तिला आजारी केले, त्याच धुरात बसून ती त्या दमेकऱ्याचे पाणी तापवते.

शासनाने ऐंशीच्या दशकात निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. २००२ साली तो गुंडाळला गेला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी बाईच्या नावावर आली, हे पाऊल मोठे खरे. तरीपण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे ५८.६ टक्केच भरली. म्हणजे दहांतल्या चार घरांत धूर होताच. शिवाय गॅस आला तरी आधी गेलेली फुप्फुसे परत येत नाहीत.

डॉ. पद्मावती २०२० साली १०३ व्या वर्षी करोनाने गेल्या. त्यांचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. मी ते वर्गात सांगतो. वाचकहो, फराळाच्या तयारीत घरातल्या कुणा वडीलधाऱ्या बाईला धाप लागताना दिसली, तर ‘वयाचे आहे’ म्हणून सोडून देऊ नका. तिने किती वर्षे चूल फुंकली ते विचारा, आणि डॉक्टरांनाही ते आवर्जून सांगा.