बाजाची कुरीज, कोंबडीची पिसं

उर्दूत 'कुरीज' असा एक शब्द आहे. पक्षी जुनी पिसं टाकून नवी घेतो तो काळ. शब्द फारसीतून आला, आणि आता तो उर्दू शाळेतल्या मुलांनाही शब्दकोशातच भेटतो. मराठीत आपण 'कोंबडी पिसं टाकतेय' एवढं म्हणून मोकळे होतो.

हा शब्द वाढला तो मात्र बाजाच्या कौतुकात. 'आईन-ए-अकबरी'मध्ये बाजांच्या किमतींच्या जागी 'खाना-कुरीज' हा शब्द येतो. अर्थ असा, की पाळणाऱ्याच्या घरीच पिसं बदललेला पक्षी. त्याच्या चारशे वर्षं आधी सीरियातले उसामा इब्न मुन्किज (1095-1188) यांनी आपल्या आठवणींत वडिलांच्या 'यहशूर' नावाच्या बाजाबद्दल लिहिलं. तो 13 वर्षं त्यांच्याकडे होता आणि घरच्या माणसासारखाच झाला होता. पुढे 1240च्या सुमारास बाजविद्येचा एक अरबी ग्रंथ सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या दरबारात लॅटिनमध्ये उतरला. एवढी काळजी का? उगवत्या पिसाच्या दांडीत रक्त असतं. ते मोडलं तर पुढच्या कुरीजपर्यंत पंखात खोट राहते, आणि शिकार बिघडते.

कोंबडीसाठी नोकर कोण ठेवणार? तिची कुरीज आपल्या बायकांनी सांभाळली आणि ती कुठेच लिहिली गेली नाही.

पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले की वर्ष-दीड वर्षाच्या पुढची कोंबडी अंडी थांबवते. आधी डोकं-मान उघडी पडते, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट. बहुतेकींचं हे 8 ते 12 आठवड्यांत निभतं. एखादी मात्र आठवड्याभरात ओकीबोकी होते आणि कोपऱ्यात आकसून बसते. आमच्या दादी अशा कोंबडीला खुराड्याच्या उबदार बाजूला वेगळी ठेवत, कारण बाकीच्या कोंबड्या रक्ताळलेल्या कोंबांना टोचतात. खायला सुकट किंवा शेंगदाण्याची पेंड. आणि मुलांना ताकीद, उचलायचं नाही, तिला दुखतं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, हे दादींनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पण नुसत्या तांदळाच्या कण्यांवर ही कोंबडी उभी राहत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एक फरकही त्या ओळखत. पिसं टाकणारी कोंबडी मलूल असली तरी दाणा टिपते. चोच उघडी टाकून धापा टाकणारी, हिरवट विष्ठा करणारी, मान वाकडी होणारी कोंबडी कुरीजमध्ये नसते. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिथे पेंड चालत नाही, डॉक्टर लागतो.

कोंबडीची कुरीज कागदावर मोठ्या प्रमाणात आली ती विसाव्या शतकात, अंड्यांच्या कारखान्यांमुळे. दिवे कमी करायचे, काही दिवस खाद्य बंद ठेवायचं, म्हणजे हजारो कोंबड्या एकदमच पिसं टाकतात आणि पुन्हा एकदमच अंड्यावर येतात. बादशहाचा बाज ज्या दिवसांत सर्वांत जास्त जपला जाई, नेमक्या त्या दिवसांत हिला उपाशी ठेवायचं! आपल्याकडे 2011मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळाने असं उपाशी मारणं क्रूरतेत मोडतं असं कळवलं.

ज्यांच्या घरी नानी-दादी अजून कोंबड्या पाळतात, त्यांनी या हिवाळ्यात त्यांच्याजवळ वही घेऊन बसावं. सुकट किती, किती दिवस, कोणत्या कोंबडीला, सगळं विचारावं.