वितळणारी तार आणि पडणारा खटका

तारायंत्राच्या तारांवर वीज कोसळली की केंद्रातील उपकरणे जळत, म्हणून १८४७ मध्ये फ्रान्समधील घड्याळनिर्माते लुई ब्रेगे यांनी मार्गात मुद्दाम बारीक तार जोडण्याची शिफारस केली. प्रवाह मर्यादेबाहेर वाढताच ती आधी वितळून परिपथ, म्हणजे प्रवाहाचा अखंड मार्ग, तोडत असे. १८९० मध्ये एडिसन यांनी आपल्या वितरणव्यवस्थेसाठी फ्यूजचे पेटंट घेतले. १९२४ मध्ये जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ यांनी शोधलेल्या, पुन्हा वर करता येणाऱ्या खटक्याचे पेटंट घेतले गेले. त्यात शॉर्टसर्किट झाल्यास विद्युतचुंबक, तर जादा भार टिकल्यास तापून वाकणारी द्विधातू पट्टी संपर्क तोडते. महाराष्ट्रातील जुन्या घरांत मात्र चिनी मातीच्या फ्यूजमध्ये तार भरण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली, आणि फ्यूज वारंवार उडू नये म्हणून जाड तार घातली गेली की संरक्षणाचा मूळ हेतूच निकालात निघे.